तुम्ही कधी 'पास आऊट' झालात?

कोलकात्याहून बोलतोय. आजचा विषय दोनच शब्दांचा आहे: 'पास आऊट'.

"मी २०१९ ला पास आऊट झालो." हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल, स्वतः बोललाही असाल. पुण्यात, बेळगावात, इंदूरमध्ये, बडोद्यात, इथे कोलकात्यात, कुणालाही त्यात काही खटकत नाही. कॉलेज संपलं, पदवी मिळाली, एवढाच त्याचा अर्थ. आता तर नोकरीच्या जाहिरातींत 'पासआऊट' हे नामही झालंय. "२०२४ चे पासआऊट अर्ज करू शकतात" असं सर्रास छापून येतं.

हेच वाक्य अमेरिकेत कुणासमोर बोला. समोरचा माणूस क्षणभर तुमच्याकडे बघत राहील. कारण त्याच्या रोजच्या बोलण्यात 'पास आऊट' होणं म्हणजे शुद्ध हरपणं. उन्हाने भोवळ आली, रक्त बघून घेरी आली, दारू जास्त झाली आणि माणूस सोफ्यावरच आडवा झाला, या सगळ्याला तो 'पास्ड आऊट' म्हणतो. तुम्ही त्याला पदवीचं साल सांगता आणि त्याला ऐकू येतं, "मी २०१९ साली बेशुद्ध पडलो."

यावर हसून मोकळं होता आलं असतं, पण मी हा विषय घेतला तो एका मुलामुळे. इथे बडाबाजारात सोन्या-चांदीच्या गलाईचा धंदा करणारी आपली बरीच मराठी कुटुंबं आहेत, मूळची सांगलीकडची, विटा-आटपाडी भागातली. अशाच एका घरातला हा मुलगा, घरातला पहिला इंजिनियर. व्हिडिओवर मुलाखत होती, समोर परदेशी माणूस. मुलाने सांगितलं, "आय पास्ड आऊट इन ट्वेंटी ट्वेंटीवन." समोरचा हसला आणि म्हणाला, "मग आता बरं वाटतंय ना?" त्या माणसाने बहुधा गंमतच केली होती. पण मुलाला कळेना आपलं काय चुकलं. पुढची वीस मिनिटं तो प्रत्येक उत्तर दोन-दोन शब्दांत देत राहिला. येत असलेलंही त्याने सांगितलं नाही. मला म्हणाला, "सर, माझं इंग्रजीच कच्चं आहे."

त्याचं इंग्रजी कच्चं नव्हतं. त्याने वापरलेला शब्द कुठून आला, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. ते आज सांगतो.

हा अर्थ आपण भारतीयांनी बनवलेला नाही, तो आला लष्करातून. ब्रिटिश लष्करात प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडण्याला 'पास आऊट' म्हणायचे आणि आजही म्हणतात. शेवटच्या संचलनाचं नाव 'पासिंग आऊट परेड'. आपल्याकडे डेहराडूनची इंडियन मिलिटरी अॅकॅडमी १ ऑक्टोबर १९३२ ला ४० कॅडेट घेऊन सुरू झाली. ती पहिली तुकडी १९३४ च्या डिसेंबरात पास आऊट झाली. त्यातलेच एक सॅम माणेकशॉ, जे पुढे १९६४ मध्ये इथे कोलकात्यात ईस्टर्न कमांडचे प्रमुख होऊन आले. 

डेहराडूनच्या परेडमध्ये कॅडेट शेवटी चेटवुड इमारतीच्या पायऱ्या चढून आत जातात. त्या शेवटच्या पावलाला हिंदीत 'अंतिम पग' म्हणतात. 'आऊट' या शब्दाचा अर्थ तिथे डोळ्यांना दिसतो. परीक्षा पार केली, प्रशिक्षणातून बाहेर पडला, अधिकारी झाला. आपली मराठी वर्तमानपत्रं याला 'दीक्षांत संचलन' म्हणतात. तोही चांगला शब्द आहे, दीक्षेचा अंत.

आता 'पास' या शब्दाकडे बघा. तो आपल्याकडे परीक्षेबरोबर आला आणि इतका रुजला की त्याला आपण फारसी 'ना' जोडून 'नापास' हा अस्सल देशी शब्द तयार केला. आधुनिक विद्यापीठाच्या परीक्षांची आपल्याकडची सुरुवात याच कोलकात्यातली. कलकत्ता विद्यापीठ २४ जानेवारी १८५७ चं, त्याच वर्षी जुलैत मुंबई आणि सप्टेंबरात मद्रास. कलकत्ता विद्यापीठाची पहिली बी. ए. परीक्षा १८५८ मध्ये झाली आणि तिच्यातून दोघांनाच पदवी मिळाली, बंकिमचंद्र चट्टोपाध्याय आणि जदुनाथ बोस. त्या दोघांनाही एका विषयात थोडे गुण कमी पडले होते आणि विद्यापीठाने ते वाढवून दिले. म्हणजे या देशातला 'पास' जन्मला तोच ग्रेस मार्कांसह.

माझा तर्क असा की परीक्षेचा 'पास' आणि परेडचा 'पास आऊट' आपल्याकडे एकमेकांत मिसळले. छावण्या इथे, कॉलेजं इथे, पोलीस प्रशिक्षण केंद्रं इथे. लष्करातून बाहेर पडणाऱ्याला जो शब्द, तोच कॉलेजातून बाहेर पडणाऱ्यालाही लागला. तेव्हा त्या मुलाचं वाक्य भारतीय इंग्रजीत बरोबर आहे. ते समुद्रापलीकडे कळत नाही, एवढंच.

३० मे २०२५ ला पुण्याजवळ खडकवासल्याच्या एनडीएतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, १७ जणी. "एनडीएतून १७ मुली पास आऊट" हा मथळा वाचून आपल्याला अभिमान वाटला. तोच मथळा अमेरिकेतल्या वाचकाने वाचला, तर तो विचारेल, तिथे ऊन फार होतं का?

आणि गंमत अशी की ऊन असतंच. परेडच्या मैदानावर हे दोन्ही अर्थ एकाच वेळी हजर असतात. जून २०२३ मध्ये लंडनला राजाच्या वाढदिवसाच्या संचलनाची तालीम चालू होती, प्रिन्स विल्यम निरीक्षण करत होते, तापमान ३० अंशांच्या आसपास होतं. अंगात लोकरीचे लाल कोट आणि डोक्यावर अस्वलाच्या केसांच्या उंच टोप्या. काही सैनिक जागच्या जागी कोसळले. इंग्रजी बातम्यांत त्यांच्यासाठी 'फेंट' आणि 'पास आऊट' हेच शब्द होते.

असं का होतं, हेही सांगतो, कारण ते घरीही उपयोगी पडतं. माणूस ताठ, न हलता उभा राहिला की रक्त पायांत साठायला लागतं. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात आणि रक्त वर ढकलतात. सावधानमध्ये ते काम थांबतं. त्यात उन्हाने रक्तवाहिन्या सैलावतात, घामाने अंगातलं पाणी कमी होतं. मेंदूला रक्त कमी पडलं की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस खाली जातो. आडवा झाल्यावर रक्त मेंदूपर्यंत पोचतं आणि बहुधा मिनिटभरात शुद्ध येते. म्हणून आमचे ड्रिलचे उस्ताद सांगायचे: बुटाच्या आत अंगठे हलवत राहा, गुडघे मागे ताणून घट्ट करू नका, पाणी प्या, सकाळी उपाशीपोटी मैदानावर येऊ नका. लग्नात तासभर एका जागी उभ्या राहणाऱ्या नवरा-नवरीलाही मी हेच सांगतो.

मग एकाच शब्दाचे इतके वेगळे अर्थ कसे झाले? इंग्रजीत 'आऊट' दोन प्रकारचा आहे. एक दाराबाहेरचा: गो आऊट, वॉक आऊट. दुसरा विझण्याचा: दिवा गेला की इंग्रजीत 'द लाइट वेंट आऊट'. नॉक आऊट, ब्लॅक आऊट, हे या दुसऱ्या घरातले. परेडचा 'पास आऊट' दाराबाहेर जातो, भोवळीचा 'पास आऊट' विझतो. मराठीत आपण 'वीज गेली' म्हणतो, तसंच 'शुद्ध गेली' म्हणतो. हे दोन्ही अर्थ इंग्रजी लिखाणात पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दिसू लागतात, म्हणजे वयाने ते जवळजवळ बरोबरीचे आहेत. कुणी थोरला नाही, कुणी तोतया नाही.

हे ऐकून "इंग्रजी भाषा किती विचित्र" असं म्हणू नका. आपल्या 'लागणे' या क्रियापदाकडे बघा. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, डोळा लागतो. आणि 'निकाल लागला' घ्या. "मुलाचा निकाल लागला" म्हटलं की आपण पेढे मागतो. "स्कूटरचा निकाल लागला" म्हटलं की भंगारवाल्याला बोलावतो. मराठी शिकणाऱ्या बंगाली माणसाला हे समजावताना माझी जी दमछाक होते, तीच 'पास आऊट' समजावताना इंग्रजाची होत असणार.

बंगालीचंच सांगतो. इथे शेजारी धावत येऊन म्हणाला की अमके 'अज्ञान' झाले, तर नव्याने आलेल्या मराठी माणसाला वाटतं, यात धावत येण्यासारखं काय आहे, अज्ञानी तर आपण सगळेच. बंगालीत 'अज्ञान' म्हणजे बेशुद्ध. तो शब्द ते 'ऑग्गॅन' असा काहीसा उच्चारतात, पण लिहितात आपल्यासारखाच. तसाच 'शिक्षा' हा शब्द. बंगालीत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि आपल्याकडे शिक्षा म्हणजे काय, हे छडी खाल्लेल्या माझ्या पिढीला सांगायला नको. दोन्ही भाषा संस्कृतच्या लेकी, शब्द एक, अर्थ निराळे. त्यात कुणी बंगाल्याला अडाणी म्हणत नाही. मग इंग्रजीच्या बाबतीतच आपण एवढे खाली मान का घालतो?

'पास आऊट'चे आणखी दोन अर्थ आहेत. अमेरिकेत शिक्षक वर्गात कागद 'पास आऊट' करतात, म्हणजे वाटतात. ब्रिजच्या डावात चारही खेळाडूंनी 'पास' म्हटलं की तो डाव 'पास्ड आऊट'. 'पास'चे भाऊबंदही बरेच आहेत. 'पास ओव्हर' म्हणजे बढतीच्या वेळी तुम्हाला डावलून पुढच्याला घेणं. फौजेतल्या कुठल्याही मेसमध्ये हा शब्द हळू आवाजात बोलला जातो. आणि 'पास अवे' म्हणजे निधन पावणं.

इथे मात्र गंमत संपते. माझ्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबातली ही गोष्ट. वडील कोलकात्यात एकटे, वय ऐंशीच्या पुढे, मुलगा अमेरिकेत, पुतण्या पुण्यात. एका सकाळी वडील न्हाणीघरात पडले. देखभालीला असलेल्या मुलीने घाबरून दोघांनाही फोनवर संदेश पाठवला: "अंकल पास आऊट." पुतण्याने 'पास' एवढंच वाचलं, त्याला वाटलं काका गेले. त्याने नातेवाइकांना कळवायला सुरुवात केली आणि विमानाचं तिकीट बघू लागला. मुलाने वाचलं, भोवळ आली. त्याला वाटलं, येतील शुद्धीवर, थोड्या वेळाने फोन करू. खरी परिस्थिती वेगळी होती. डोक्याला मार लागला होता आणि शुद्ध येत-जात होती. खालच्या मजल्यावरच्या बंगाली काकूंनी वर येऊन बघितलं आणि गाडी बोलावली, तोवर अर्धा तास गेला होता. ते वाचले. पण तो अर्धा तास एका शब्दाने खाल्ला.

यात त्या मुलीला बोल लावू नका. तिला जे येत होतं, ते तिने कळवलं. प्रश्न हा आहे की ऐकणाऱ्या दोघांपैकी एकानेही उलट विचारलं नाही, "म्हणजे नक्की काय झालंय?"

फौजेत ही सवय लावावी लागते. वायरलेसवर समोरच्याचं बोलणं ऐकू आलं नाही, तर 'रिपीट' म्हणायचं नाही, असा दंडक आहे. म्हणायचं 'से अगेन'. कारण तोफखान्याच्या भाषेत 'रिपीट' म्हणजे मघाशी केलेला मारा पुन्हा करा. तुम्हाला फक्त वाक्य पुन्हा ऐकायचं असतं आणि तिकडून गोळे सुटू शकतात. शब्दकोशात 'रिपीट'चा अर्थ 'पुन्हा म्हणा' असा आहे, हे तिथे कुणी ऐकून घेत नाही. ऐकणाऱ्याने जे ऐकलं, तेच तुम्ही बोललात असं धरलं जातं.

नागरी आयुष्यातही मी हेच धरून चालतो. इथल्या फोर्ट विल्यमचं नाव आता 'विजय दुर्ग' झालंय, आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या विजयदुर्गावरून. तिथल्या एका दरवाजाला शिवाजी महाराजांचं नाव दिलंय. मराठी माणूस म्हणून मला त्याचा आनंद आहे. १७४२ मध्ये मराठ्यांच्या धास्तीने ज्या शहराने भोवती खंदक खणायला घेतला, त्या शहरात हे झालं. पण टॅक्सीत बसल्यावर मी अजून "फोर्ट विल्यम" असंच सांगतो, कारण मला तिथे पोचायचं असतं. घरी, भाषणात, पत्रावर 'विजय दुर्ग'. दोन्ही नावं मला येतात आणि कुठलं कधी वापरायचं ते मी ठरवतो.

'पास आऊट'चंही तसंच करा. सोपं करून सांगतो.

भारतात, भारतीय माणसाशी बोलताना बिनधास्त म्हणा, "मी अमक्या साली पास आऊट झालो." कुणी व्याकरण शिकवायला आला, तर त्याला पासिंग आऊट परेडची आठवण करून द्या. परदेशी माणसाशी बोलताना किंवा परदेशी अर्जात 'ग्रॅज्युएटेड' लिहा. पदवी नसेल, कोर्स असेल, तर "आय फिनिश्ड माय कोर्स इन" आणि पुढे साल. लष्करी अकादमीतून बाहेर पडला असाल आणि समोरचा ब्रिटिश असेल, तर 'पास्ड आऊट' चालेल. फक्त अकादमीचं नाव जोडा, म्हणजे घोटाळा होणार नाही.

परदेशी माणूस तुम्हाला "माय ब्रदर पास्ड आऊट यस्टरडे" असं म्हणाला, तर अभिनंदन करू नका. विचारा, "आता कसा आहे?"

हा शब्द अनौपचारिक आहे, हे लक्षात ठेवा. मित्रांत ठीक. डॉक्टरांशी बोलताना, विम्याच्या कागदावर, पोलिसांच्या जबाबात तो वापरू नका. तिथे "लॉस्ट कॉन्शसनेस" लिहा आणि पुढे किती वेळ, हेही लिहा.

आणि घरात कुणी पडलं, तर इंग्रजीच्या भानगडीतच पडू नका. आपल्याकडे भोवळ, घेरी, चक्कर, मूर्च्छा, बेशुद्ध असे कितीतरी शब्द आहेत. "चक्कर आली पण बोलतायत" आणि "बेशुद्ध आहेत, हाक मारली तर ओ देत नाहीत" यांत जीवनमरणाचा फरक असू शकतो. फोनवर चार गोष्टी सांगा: शुद्धीवर आहेत का, श्वास नीट चालतोय का, कधी पडले, डोक्याला लागलंय का. साधी भोवळ असेल तर आडवं झोपवा, पाय थोडे वर उचला, गळ्याजवळचं बटण सोडा. मिनिटभरात शुद्ध आली नाही, श्वास बिघडलेला वाटला किंवा डोक्याला मार लागला असेल, तर आधी ११२ लावा, नातेवाइकांना नंतर. देखभालीला ठेवलेल्या माणसाला हे चार प्रश्न त्याला येणाऱ्या भाषेत लिहून द्या आणि फ्रिजवर चिकटवा. त्या कुटुंबाने आता तसं केलंय, बंगालीत.

त्या गलाईवाल्यांच्या मुलाला मी शब्दाचा हा सगळा इतिहास सांगितला. मग एक उत्तर पाठ करून घेतलं, पुढच्या वेळेसाठी. कुणी हसलं, तर त्यानेही हसायचं आणि म्हणायचं: "भारतात याचा अर्थ पदवी मिळाली असा होतो. शब्द मुळात तुमच्याकडच्या लष्करातलाच आहे. आता मी माझ्या प्रोजेक्टबद्दल सांगू का?" हे तिसरं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. शब्द अडला तर तो दुरुस्त करायचा आणि पुढे बोलत राहायचं. गप्प बसायचं नाही.

तुमच्याकडेही असे शब्द असतील, इथे एक अर्थ आणि तिथे दुसरा. कळवा, त्यावरही बोलू. 

जय हिंद.